जलसंपदा मंत्री इंजिनियरच हवा? मग के. एल. राव आठवून बघा

दर पावसाळ्यात, धरणं भरली की किंवा भरली नाहीत की, एक मेसेज हमखास फिरतो. आरोग्यमंत्री डॉक्टर हवा, शिक्षणमंत्री मास्तर हवा, जलसंपदा मंत्री सिव्हिल इंजिनियर हवा, मग बघा देश कसा पळतो. खाली अंगठ्यांची रांग. वाचायला बरं वाटतं, कारण मंत्र्यांची डिग्री हा आपल्याकडे तसाही चेष्टेचा विषय. पण हा प्रयोग आपण एकदा करून बसलोय हे फार कमी जणांच्या लक्षात असतं. आणि अर्धवट पण नाही केला, चांगला दहा वर्षं केला, दिल्लीत, नेमक्या त्याच खात्यात, आणि माणूस पण असा की त्याच्या इंजिनियरिंगबद्दल कुणी शंका काढू शकणार नाही. कानुरी लक्ष्मण राव. आंध्रात आजही लोक के. एल. राव म्हणून आदरानं नाव घेतात, आपल्याकडे मात्र इरिगेशन खात्यातले जुने लोक सोडले तर कुणाला नाव माहीत असेल असं वाटत नाही.

१९०२ चा जन्म, कृष्णा जिल्ह्यातला. लहानपणीच एक डोळा गेला. मद्रासला इंजिनियरिंग, मग काही काळ रंगूनला शिकवायला, मग इंग्लंडात बर्मिंगहॅमहून १९३९ मध्ये पीएचडी, परत येऊन मद्रास सरकारात डिझाइनचं काम, आणि स्वातंत्र्यानंतर थेट दिल्लीत केंद्रीय जल आयोगात. देशातली मोठी धरणं कागदावर उतरत होती त्या काळात हा माणूस त्या कागदांवर वाकलेला होता. १९६२ ला काँग्रेसच्या तिकिटावर विजयवाड्यातून लोकसभेत, १९६३ ला पद्मभूषण आणि त्याच वर्षी सिंचन आणि वीज खातं. नेहरू गेले, शास्त्री आले, शास्त्री गेले, इंदिराबाई आल्या, राव त्याच खात्यात. १९७३ पर्यंत. आज एखाद्या खात्याला तीन वर्षं सलग एक मंत्री मिळाला तरी नशीब म्हणायचं.

माझं म्हणणं सरळ सांगतो. राव वाईट मंत्री होते असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. ते अव्वल इंजिनियर होते, प्रामाणिक होते, आणि तरीसुद्धा त्यांची कारकीर्द नीट बघितली तर ‘मंत्री तज्ज्ञच हवा’ या मागणीतली हवा निघून जाते. कारण मंत्र्याच्या टेबलावर येणारा प्रश्न इंजिनियरिंगचा नसतोच बहुतेक वेळा, आणि जेव्हा असतो तेव्हा इंजिनियरच्या हिशोबावर शंका घेणारा कुणीतरी दुसरा माणूस लागतो. खुर्चीत इंजिनियर बसला की हा दुसरा माणूस गायब होतो.

आधी त्यांचं श्रेय त्यांना देऊ. कृष्णेवरचं नागार्जुनसागर घ्या, ज्याच्या डिझाइनमध्ये राव होते. १० डिसेंबर १९५५ ला नेहरूंनी पायाभरणी केली. एवढं अवाढव्य धरण, १२४ मीटर उंच, आणि ते काँक्रीटचं न करता दगडी बांधकामाचं केलं. सिमेंटचा तुटवडा होता, परकीय चलनाची बोंब होती, मोठी मशिनरी बाहेरून आणावी लागली असती, आणि इकडे दगड हवा तेवढा आणि कामाला हात हवे तेवढे. मग हजारो मजुरांनी दगडावर दगड रचत ते उभं केलं, १९६७ ला कॅनॉलमध्ये पाणी सोडलं. आपल्या खिशाकडे बघून डिझाइन करणं म्हणजे काय याचा हा नमुना आहे, आणि बाहेरच्या पुस्तकातून उचललेल्या प्रोजेक्टांच्या काळात ही गोष्ट छोटी नव्हती. (नागार्जुनकोंड्याचे बौद्ध अवशेष पाण्याखाली गेले, त्यातले काही उचलून टेकडीवर नेले, ती टेकडी आता बेट झालीय. गावं गेली ती गेलीच, त्यांचं म्युझियम कुणी केलं नाही. असो, त्या काळात हा प्रश्न फारसा कुणी विचारतच नव्हतं.)

आता कृष्णेकडे येऊ, कारण इथे आपला संबंध थेट येतो.

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, भीमा भीमाशंकरला. म्हणजे वरचं राज्य आपण, मधलं म्हैसूर (कर्नाटक हे नाव १९७३ ला आलं), खालचं आंध्र. १९५१ मध्ये दिल्लीत बसून पाणी वाटलं होतं, पण म्हैसूरनं ते मान्य केलं नाही, आणि १९५६ ला राज्यांच्या सीमाच बदलल्या त्यामुळे त्या वाटपाला तसा अर्थ राहिला नाही. मग १९६३ च्या मार्चमध्ये केंद्रानं एक तात्पुरतं वाटप जाहीर केलं: महाराष्ट्र ४०० टीएमसी, म्हैसूर ६००, आंध्र ८००. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हे आता पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. वरच्या दोन्ही राज्यांना हे पटलं नाही, राज्यांमधल्या नदीपाण्याच्या तंट्यांसाठी असलेल्या १९५६ च्या कायद्याखाली लवाद नेमा अशी मागणी १९६२-६३ पासूनच सुरू झाली. आणि नेमके याच वेळी खात्याचे मंत्री झाले राव.

जरा सांगली किंवा सोलापूरच्या माणसाच्या जागी बसून बघा. वाद तुमचा आणि आंध्रचा. पंच कोण? विजयवाड्याचा खासदार, जिथून कृष्णेच्या डेल्टाचे कॅनॉल निघतात, ज्याच्या मतदारांची भातशेती त्या पाण्यावर १८५५ च्या बंधाऱ्यापासून उभी आहे. आणि वर हाच माणूस नागार्जुनसागरच्या डिझाइनमधला, ज्या धरणाचा सगळा फायदा वरून किती पाणी येतं यावर अवलंबून. राव यांनी मुद्दाम पक्षपात केला असं म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नाही आणि मला तसं म्हणायचंही नाही. पण हेच जर तिथे आंध्रचा एखादा वकील किंवा जमीनदार पुढारी मंत्री असता ना, तर सगळ्यांनी गृहीतच धरलं असतं की हा आपल्या लोकांची बाजू घेणार, आणि त्याच्या बोलण्यातून तेवढं वजा करून हिशोब केला असता. इंजिनियरचं तसं करता येत नाही. इंजिनियर आकडा देतो, आणि आकडा निसर्गानं दिलाय असं वाटतं.

तो तसा नसतो, हे पुढे लवादानंच दाखवून दिलं. शेवटी एप्रिल १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांचा लवाद नेमला गेला, म्हणजे मागणी झाल्यावर सहा-सात वर्षांनी, मधला सगळा काळ चर्चा आणि बैठका. १९७३ ला निवाडा, १९७६ ला त्यावरचा पुढचा अहवाल. एकूण पाणी धरलं २०६० टीएमसी, त्यात महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८००. हे २०६० आले कुठून? ७५ टक्के विश्वासार्हतेनं, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी नदीत निदान एवढं पाणी असेल असं धरून. आता ७५ च का? ५० का नाही, ९० का नाही? हे कुठल्याही फॉर्म्युल्यातून निघत नाही. ९० धरलं तर वाटायला पाणी कमी, पण शेतकऱ्याला खात्री जास्त. ५० धरलं तर कागदावर भरपूर पाणी आणि दर दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी शेतात ठणठणाट. टंचाईचं वर्ष कुणी सोसायचं हा निर्णय आहे तो. २०१० मध्ये ब्रिजेशकुमार लवादानं ७५ ऐवजी ६५ टक्के धरले आणि नदी तीच असताना वाटायचं पाणी वाढलं. कोयनेचं पाणी घाट उतरून पश्चिमेला वळवायचं किती, तर वर्षाला ६७.५ टीएमसी, ही मर्यादासुद्धा अशीच, मुंबईची वीज आणि खालच्या लोकांची शेती यांच्यात कुणीतरी रेघ मारली. रेघ मारली न्यायाधीशानं, दोन्हीकडच्या इंजिनियरांना उभं करून, त्यांच्या वकिलांना एकमेकांच्या आकड्यांची चिरफाड करू देऊन. देशातला सगळ्यात मोठा पाण्याचा इंजिनियर मंत्री असतानाही, देशातल्या एवढ्या मोठ्या पाण्याच्या भांडणाचा निकाल द्यायला सिव्हिल इंजिनियर कामाला आला नाही, कोर्टातला माणूस लागला. मला वाटतं या एका गोष्टीतच सगळं आलं, पण पुढचं पण ऐका.

गंगा-कावेरी. १९७२ मध्ये राव यांनी मांडलेली योजना, आणि आज नदीजोड म्हणून जे काही चाललंय त्याची बरीचशी कल्पनाशक्ती तिथून आलेली. पाटण्याजवळ गंगेतून वर्षाचे साधारण १५० दिवस ६० हजार क्युसेक (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी उचलायचं, त्यातलं १० हजार तिथेच गंगेच्या खोऱ्यात वापरायचं आणि ५० हजार दक्षिणेकडे आणायचं, २६४० किलोमीटर लांबीचा जोड, ४० लाख हेक्टर नवं सिंचन. खर्च त्यांनी धरला १२,५०० कोटी. आता मधे विंध्य आहे, त्यामुळे पाणी साडेपाचशे मीटरच्या आसपास पंपानं चढवावं लागणार. त्याला वीज? ५ ते ७ हजार मेगावॅट. आणि तेव्हा अख्ख्या देशाची वीजनिर्मितीची क्षमता होती सोळा हजार मेगावॅटच्या आसपास. म्हणजे देशातल्या विजेचा तिसरा हिस्सा म्हणा, चाळीस टक्के म्हणा, एका कालव्याचं पाणी डोंगर चढवायला.

आणि वीज खातं कुणाकडे होतं? रावांकडेच! शेतकऱ्याच्या पंपाला वीज मिळावी म्हणून १९६९ ला ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघालं ते यांच्याच काळात. म्हणजे विजेची ओढाताण या माणसाला दुसऱ्या कुणीही समजावून सांगायची गरज नव्हती. तरी योजना मांडली. का मांडली? कारण ती सुंदर होती. मी टिंगल करत नाहीये, खरंच सुंदर आहे ती, पूर तिकडे आणि दुष्काळ इकडे, मधे एक रेघ ओढली की दोन्ही मिटले. नकाशावर वाकून बसलेल्या माणसाला ही रेघ दिसतेच, आणि एकदा दिसली की पुसता येत नाही. नंतर केंद्रीय जल आयोगानं तपासलं, खर्च फारच कमी धरलाय आणि पाणी चढवण्याचा हिशोब परवडत नाही असं निघालं, आणि योजना फाइलमध्ये गेली. पण बघा, जल आयोग म्हणजे मंत्र्याच्याच हाताखालचं ऑफिस, आणि राव स्वतः तिथूनच वर गेलेले. आपल्या जुन्या साहेबाला, जो आता मंत्री आहे आणि डिझाइनमध्ये आपला बाप आहे, त्याला ‘साहेब, हे जमत नाही’ असं तोंडावर कोण सांगणार? अडाणी मंत्र्याला सांगणं सोपं असतं. त्याला निदान भीती असते की आपल्याला यातलं कळत नाही.

फराक्काचं पण थोडं. गंगेवरचा सव्वादोन किलोमीटरचा बॅरेज, काम १९६१ ला सुरू, १९७५ ला चालू, मधली दहा वर्षं खातं रावांकडे. ४० हजार क्युसेक पाणी भागीरथी-हुगळीत सोडायचं म्हणजे कलकत्ता बंदरातला गाळ वाहून जाईल, हा हेतू. पश्चिम बंगाल सरकारातले एक इंजिनियर, कपिल भट्टाचार्य, सुरुवातीपासून सांगत होते की गाळ जाणार नाही, उलट वरच्या बाजूला साचेल, माल्दा-मुर्शिदाबादला पूर येतील, बिहारलाही त्रास होईल. पूर्व पाकिस्तानचाही बॅरेजला विरोध होता, झालं, माणसाला पाकिस्तानचा हस्तक ठरवून मोकळे. हे राव मंत्री होण्याच्या आधी सुरू झालं, त्याचं खापर त्यांच्यावर फोडणं बरोबर नाही. पण बॅरेज ठरल्याप्रमाणे उभा राहिला, बंदरात ड्रेजिंग, म्हणजे गाळ उपसणं, आजही चालू आहे, माल्दाची गावं नदीत जातायत, आणि २०१६ ला बिहारचे मुख्यमंत्री नितीशकुमार फराक्का काढूनच टाका म्हणाले. (नितीशकुमार पण इंजिनियर, इलेक्ट्रिकल, हा आपला योगायोग.) म्हणजे इंजिनियरची गरज होती हो, पण वरच्या खुर्चीत नव्हे. खाली बसून ‘नाही’ म्हणणारा एक इंजिनियर आपल्याकडे होता आणि त्याचं ऐकायला वर कुणी नव्हतं.

आता उलट बाजूचं उदाहरण, आणि ते आपलंच आहे. १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य होते, आणि सिंचन-वीज त्याच खात्यात यायचं. लोकांना संविधान माहीत असतं, हे फारसं माहीत नसतं. अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेला माणूस, धरणाच्या डिझाइनशी काही संबंध नाही. १९४३ ला बंगालकडच्या दामोदर नदीला पूर आला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी दामोदर खोऱ्यासाठी अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर विचार सुरू केला, तिथला इंजिनियर वुर्दुइन याला कामाला लावलं, १९४५ ला केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग काढला (आजच्या जल आयोगाचं मूळ हेच) आणि त्याच्या प्रमुखपदी ए. एन. खोसला यांच्यासारखा इंजिनियर बसला. पूर, वीज, सिंचन, वाहतूक हे सगळं एकत्र बघायचं आणि नदी राज्याच्या हद्दीत न तोडता अख्खं खोरं धरायचं, ही दिशा. राव ज्या ऑफिसातून वर आले ते ऑफिस असं एका बिगर-इंजिनियरनं उभं केलेलं. त्यानंतर स्वतंत्र भारतातल्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी आणि वीज खातं होतं पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांकडे, ते वकील, आणि भाक्रा-हिराकुडची कामं त्यांच्या काळात मार्गी लागली.

यावर कुणी म्हणेल की आंबेडकरांसारखा माणूस रोज मिळतो का. नाही मिळत. मग उरतो तो नेहमीचा मंत्री, ज्याला खात्याचे अधिकारी आणि कंत्राटदार मिळून बोटावर नाचवतात. हा आक्षेप खरा आहे आणि मला याचं पूर्ण उत्तर देता येत नाही. राव यांना कुणी चुकीचा एस्टिमेट दाखवून सही घेऊ शकलं नसतं हे मान्य. पण मग बघा आपल्याकडे काय झालं ते. बच्छावत निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होणार होता, त्याआधी ५६० टीएमसी अडवलं नाही तर आपलं पाणी जाईल या भीतीनं १९९६ ला महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं, कर्जरोखे काढले, एकाच वेळी इतकी कामं सुरू केली की एकही वेळेत पुरं होईना. मग बाकीच्या खोऱ्यांची महामंडळं. मग २०१२ चा तो गाजलेला आकडा, दहा वर्षांत ७० हजार कोटी खर्च आणि सिंचन वाढलं ०.१ टक्का. खात्याच्या श्वेतपत्रिकेनं तो आकडा मान्य केला नाही, वाद अजून आहे, पण हिशोब लागत नाही हे जगजाहीर झालं. या सगळ्या काळात खात्यात इंजिनियरांची कमी होती का? खातंच इंजिनियरांचं! मुख्य अभियंते, अधीक्षक अभियंते, सचिव पण पुष्कळदा तिथूनच आलेले. आणि बोललं कोण, तर त्यातलेच एक मुख्य अभियंता, विजय पांढरे, ज्यांनी सरकारला पत्रं लिहून कामांच्या दर्जाबद्दल आणि फुगवलेल्या खर्चाबद्दल आरोप केले. तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः इंजिनियर, अमेरिकेत शिकलेले, पण त्यांच्या हातून जे काही झालं ते डिग्रीमुळे झालं असं मला वाटत नाही. ते त्या खात्याच्या बाहेरचे होते आणि त्यांनी श्वेतपत्रिका मागितली, एवढंच.

चीनचं उदाहरण पण लोक फार देतात, तिकडे सगळे इंजिनियर राज्य करतात म्हणून. हो, ली पेंग मॉस्कोत जलविद्युत शिकलेले पंतप्रधान होते, आणि थ्री गॉर्जेस या अजस्र धरणाचा ठराव १९९२ ला त्यांनी रेटून नेला, तेव्हा त्या एरवी मुकाट हात वर करणाऱ्या संसदेतसुद्धा जवळजवळ एक तृतीयांश प्रतिनिधींनी विरोधात मत दिलं किंवा मतच दिलं नाही. इंजिनियर पंतप्रधान, आणि तरी शंका अशा रीतीनं बाहेर पडावी लागली.

म्हणून मला डिग्रीच्या मागणीत काही रस नाही. मागायचंच असेल तर दुसरं मागा. आता विदर्भात वैनगंगा-नळगंगा नदीजोड होऊ घातलंय, गोसीखुर्दहून बुलढाण्यापर्यंत चारशेहून जास्त किलोमीटर. गोसीखुर्द १९८८ ला सुरू झालं तेव्हा ३७२ कोटींचं होतं, आता किती हजार कोटींवर गेलंय ते सगळ्यांना माहीत आहे आणि अजून पूर्ण नाही. या नव्या जोडकालव्यात पाणी कुठे कुठे पंपानं चढवणार, त्याला किती मेगावॅट लागणार, ते बिल दर महिन्याला कोण भरणार, आणि पाणी कुठल्या टक्क्याच्या विश्वासार्हतेनं धरलंय, हे चार आकडे आणि त्यावर तांत्रिक समितीतल्या ज्या सदस्यानं हरकत घेतली असेल त्याची ती हरकत जशीच्या तशी, मराठीत लोकांपुढे ठेवा. मंत्री बीए असला तरी चालेल, दहावी असला तरी चालेल.